भुकेचा निरोप

सीवूड्सच्या खाडीकाठी सकाळची फेरी आटोपून आजोबा घरी येतात आणि पोह्यांची बशी अर्धीच ठेवून उठतात. ‘दोन घास तरी खा’ हा आग्रह आणि ‘इच्छा नाही’ हे उत्तर आपल्याही घरी रोज ऐकू येत असेल. हा हट्ट आहे, असे मानण्यापूर्वी एका चिमुकल्या जलचराकडे पाहूया.

हायड्रा हा गोड्या पाण्यातील पाणवनस्पतींना चिकटून राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा जीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याचा अभ्यास झाला आहे. त्याला मेंदू नाही. अंगभर पसरलेले चेतापेशींचे विरळ जाळे तेवढे आहे. पाणपिसू शुंडकांना लागली, की दंशपेशी तिला टोचतात. जखमेतून ग्लुटाथायोन हे द्रव्य पाण्यात झिरपते. तो निरोप मिळताच शुंडके मुखाकडे वळतात आणि मुख उघडते. भक्ष्य नसतानाही केवळ हे द्रव्य पाण्यात मिसळले, तरी मुख उघडते, हे लूमिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1955 मध्ये दाखवले. पोट भरलेला हायड्रा मात्र त्याच निरोपाला फारसा प्रतिसाद देत नाही.

माणसाची भूक याहून कितीतरी गुंतागुंतीची. तरीही खाण्याची सुरुवात निरोपानेच होते. फोडणीचा वास आला, की तोंडाला पाणी सुटते. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते, चव बोथट होते, जठर सावकाश रिकामे होते. काही औषधांनीही तोंडाची चव जाते. अन्न समोर असते. निरोप मात्र क्षीण झालेला असतो.

म्हणून आग्रहापेक्षा निरोप ठळक करावा. अन्न ताजे, कोमट आणि सुवासिक असावे. मीठ वाढवण्याऐवजी जिरे, आले, कोथिंबीर, लिंबू वापरावे. मोठ्या ताटाऐवजी थोडे थोडे, पण अधिक वेळा वाढावे. डाळ, दही, अंडे यांपैकी पथ्यात बसेल ते प्रत्येक वेळी असावे. शक्यतो सोबत बसून जेवावे.

महिन्यातून एकदा वजन नोंदवावे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत साठ किलोंचे सत्तावन्न झाले, गिळताना ठसका लागू लागला किंवा भूक अचानक गेली, तर डॉक्टरांना विनाविलंब भेटावे. औषधे मात्र मनाने बंद करू नयेत.

उद्या बशी पुन्हा अर्धी राहिली, तर रागावण्याआधी शेजारी बसून विचारावे, ‘आजोबा, वास येतो का? चव लागते का?’