सायकल कुणाच्या मापाची?

साठीच्या आसपासची बाई सायकलच्या दुकानात शिरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नातवासाठी का?" स्वतःसाठीच हवी आहे म्हटलं की दुकानदार जरा गडबडतो आणि मग दुसरा प्रश्न येतो, "चोवीसची दाखवू की सव्वीसची?" हे आकडे चाकांचे. त्या चाकांवर बसणारीची उंची किती, पाय किती लांब, गुडघे कसे, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. ब्लाउज शिवायला टाकताना आपण अर्ध्या इंचासाठी शिंप्याशी हुज्जत घालतो. सायकल मात्र चाकाचा आकडा आणि रंग बघून घरी येते.

माझ्या पिढीतल्या पुण्याच्या मुलींना सायकल नवी नव्हती. कॉलेज, क्लास, लायब्ररी सगळं तिच्यावरच चालायचं. मग १९७२ साली लुना आली, ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली. लग्नं झाली, नोकऱ्या आल्या. माझ्या बँकेच्या बदल्यांत सायकल कुठल्या गावी मागे राहिली, मला आठवतही नाही. आता निवृत्तीनंतर माझ्यासारख्या अनेकजणी तिच्याकडे परत वळताहेत. उत्साहाने सायकल घेतली जाते, पंधरा दिवसांत गुडघा धरतो, हातांना मुंग्या येतात, आणि घरातलं कुणीतरी प्रेमाने म्हणतं, "आता वय झालं." ती बाईही ते मान्य करते. माझी हरकत आहे ती इथे. या दुखण्यांतली कितीतरी वयाची नसतात, चुकीच्या मापाची असतात.

माझी एक मैत्रीण, निवृत्त शिक्षिका, उंची पाच फूट. मुलाने हौसेने तिला जाड टायरांची, आडव्या दांडीची, एकवीस गिअरची सायकल आणून दिली. महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळू लागले. आम्ही दोघींनी एका दुपारी मोजपट्टी काढली. पायाचं माप घ्यायची पद्धत सोपी आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधे घट्ट वर दाबून धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. (माझ्या कादंबऱ्यांचा असाही उपयोग झाला.) तिचं माप भरलं ७० सेंटिमीटर. सायकलची दांडी जमिनीपासून ७६वर! म्हणजे दोन्ही पाय टेकून ती या सायकलवर कधी उभीच राहू शकणार नव्हती. खरं तर दांडी आणि शरीर यांत दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी.

मग सीट. सीटच्या उंचीचा एक जुना, बऱ्यापैकी भरवशाचा हिशेब आहे. पायाच्या मापाला ०.८८३ने गुणायचं. जे येईल तेवढं अंतर, पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावं. ७०ला गुणलं तर जवळजवळ ६२. तिची सीट होती ५६वर. पडायच्या भीतीने खाली घेतलेली. आपण बहुतेकजणी हेच करतो आणि गुडघेदुखी ओढवून घेतो, कारण सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा नको तितका दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. गुणाकार नको असेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो.

यावर लगेच विचारलं जातं, एवढ्या उंच सीटवरून पाय टेकणार कसा? सीटवर बसून टेकायचाच नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि मग पाय टेकायचा. लहानपणी हे आपोआप जमायचं, आता शिकावं लागतं. म्हणून पहिले काही दिवस सीट मुद्दाम खाली, दोन्ही तळवे टेकतील अशी ठेवावी, मोकळ्या मैदानात तोल परत मिळवावा आणि मग दर आठवड्याला बोटभर वर न्यावी. फक्त सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते, ती बाहेर दिसता कामा नये.

मैत्रिणीची सीट वर गेली आणि गुडघा शांत झाला. पण थांबताना दांडीची धास्ती राहिलीच, आणि हँडल इतकं लांब की सगळा भार मनगटांवर. शेवटी ती सायकल विकून दांडी उतरत गेलेली घेतली.

या उतरत्या दांडीची गोष्ट मजेची आहे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या चाकांची 'रोव्हर' आणली. त्यानंतरच्या काही वर्षांत बायकांच्या लांब घागऱ्यांसाठी दांडी खाली घेतली गेली. म्हणजे 'लेडीज सायकल' कपड्यांच्या मापाने झाली, शरीराच्या नव्हे. आपल्याकडे साडीने तीच परंपरा चालवली, वर मागच्या चाकाला जाळी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता चळवळीतून हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हा लेडीज सायकली पुरेनात. काहींना पुरुषांचीच आवडली, दांडीवर मूल बसवता येतं म्हणून! शरीराचा विचार बराच उशिरा झाला. १९८५ साली अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईने लहानखुऱ्या स्त्रियांसाठी पुढचं चाक लहान ठेवून आखूड सायकली बनवायला घेतल्या. नेदरलँड्समध्ये उतरत्या दांडीच्या सायकलीला आजीची सायकल म्हणतात आणि तरुणही ती खुशाल चालवतात. टांग मारताना ज्यांचा खुबा कुरकुरतो, त्यांनी ती बिनदिक्कत घ्यावी.

दुकानात चाकापेक्षा फ्रेमचं माप विचारावं. पाच फुटांच्या बाईला साधारण चौदा ते सोळा इंची फ्रेम बघायला हरकत नाही, पण शेवटी बसूनच ठरवावं. हँडल धरल्यावर कोपरात किंचित बाक हवा, खांदे ताठ नकोत. ब्रेकची मूठ बोटांना लांब पडत असेल तर बऱ्याच सायकलींत एका छोट्या स्क्रूने ती जवळ आणता येते. दुकानदाराला करायला लावावं. सीट जितकी गुबगुबीत तितकी चांगली, हा मोठाच गैरसमज. बसण्याची हाडं टेकतील एवढी रुंद आणि जराशी कडक सीटच लांबवर साथ देते. गिअर मागे सात असले की पुष्कळ झाले. वजन मात्र स्वतः उचलून बघावं, कारण सोसायटीच्या पायऱ्यांवर रोज उचलायला मुलगा येत नाही. आणि एक, सायकलने गुडघ्यांवर भार कमी पडतो हे खरं, पण हाडं बळकट व्हायला तिचा फारसा उपयोग नाही. चालणं चालूच ठेवायचं.

मैत्रिणीने आता सीटच्या नळीवर पक्क्या शाईने रेघ मारून ठेवली आहे. सुट्टीत नातू येतो, सीट आपल्या मापाला खाली घेतो आणि तशीच ठेवून जातो.