शहराची घाण, शेताचे सोने



इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्याने २५-३० किलोमीटर गेले की बेटमा लागते. देपालपूर तहसिलीतले हे जुने गाव. सभोवती माळव्याची काळी जमीन आहे. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, हरभरा, बटाटा, लसूण. जवळच धार जिल्ह्यातले पीथमपूर आणि तिथले कारखाने. बेटम्याला आता नगर परिषद आहे. कागदावर गावाचे शहर झाले, पण शेत आणि गोठा अजून घराच्या पाठीमागेच आहे.

अशी गावे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. गावाचे शहर होऊ लागले की काय होते ते आपण पाहतोच. कामगारांसाठी खोल्या उठतात. एका अंगणात चार चुली पेटतात. पूर्वी उकिरड्यावर शेण, राख आणि पालापाचोळा पडत असे. आता त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, काचा आणि औषधांच्या बाटल्या पडतात. असला उकिरडा शेतात नेता येत नाही म्हणून तो नाल्याकाठी जातो. तिथे माश्या होतात, उंदीर होतात. पावसाळा आला की घरोघर जुलाब सुरू होतात. मग दवाखाना, मग उसनवारी. इकडे शेतकरी दरवर्षी खताच्या गोण्यांचे पैसे मोजतो आणि जमीन मात्र कडक होत जाते.

म्हणजे शहराला जे नको आहे, नेमके तेच शेताला हवे आहे. मधला दुवा तेवढा तुटला आहे. तो कसा जोडावा याचा विचार शंभर वर्षांपूर्वी इंदुरातच झाला होता. त्याची हकिगत आज सांगावीशी वाटते.

उंदराची मिरवणूक

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे देशभर पसरला. इंदूर शहरही त्यातून सुटले नाही. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो आणि उंदीर घाणीत वाढतात, हे तोवर डॉक्टरांना कळले होते. पण लोकांना ते पटवायचे कसे? सरकारी माणसे घरात शिरली की लोक घाबरत आणि आजार लपवीत.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी त्या सुमारास स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना शहराची पाहणी करण्यासाठी बोलावले होते. त्यांचा इंदूरविषयीचा मोठा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. नकाशा काढण्याआधी ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. दिवाळी तोंडावर होती. ते महाराजांना म्हणाले, मला एक दिवस राजा करा. महाराजांनी ते मान्य केले.

मग दवंडी पिटली गेली. दिवाळीची मोठी मिरवणूक निघेल, पण तिचा मार्ग नेहमीचा नसेल. जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ दिसेल, त्या मोहल्ल्यातून मिरवणूक जाईल. कचरा उचलायला गाड्या फुकट मिळतील. झाले! जो तो आपली गल्ली झाडू लागला. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाची आणि भल्या मोठ्या उंदराची सोंगे होती. सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून चालले होते. ज्यांना एरवी कोणी जवळ उभे करीत नसे, त्यांचा त्या दिवशी सर्वांदेखत मान झाला.

यात नवीन काय होते? दिवाळी होती, झाडू होता, गाड्या होत्या, माणसेही तीच होती. गेडिस यांनी बाहेरून काही आणले नाही. गावाजवळ जे होते तेच कामाला लावले. दंडाच्या भीतीने जे झाले नसते, ते सणाच्या हौसेने झाले.

हॉवर्डसाहेबांचा खड्डा

पण झाडून काढलेला कचरा टाकायचा कुठे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इंदुरातच मिळाले.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली हिंदुस्थानात आले. १९२४ साली इंदूरला वनस्पती उद्योग संस्था निघाली आणि त्यांनी १९३१ पर्यंत तिथे काम केले. त्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय झाले. आपल्या शेतकऱ्यांकडून आणि चीनच्या शेतकऱ्यांच्या जुन्या रीतीवरून आपण शिकलो, असे हॉवर्डसाहेब मोकळेपणाने सांगत. त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे रसायनशास्त्र जाणणारे सहकारी होते. शेतातला पालापाचोळा, पऱ्हाट्या, गोठ्यातले शेण, मुताने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांपासून तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी बसवली. १९३१ साली दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिले. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. इंदूरचे नाव परदेशातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेले ते या खतामुळे.

पुढे १९३३ साली जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत माणसांच्या वस्तीतल्या कचऱ्याला आणि मैल्याला लावून पाहिली. हा प्रयोग इंदूर शहर, इंदूर रेसिडेन्सी आणि माळवा भिल्ल कोअर अशा तीन ठिकाणी झाला. थर नीट दिले, हवा खेळती ठेवली आणि वेळच्या वेळी चाळवले, तर खड्ड्याच्या आत इतकी उष्णता तयार होते की माश्यांच्या अळ्या जगत नाहीत, रोगजंतूंचाही बहुतेक नाश होतो आणि दुर्गंधी जाते. आरोग्य खात्याची डोकेदुखी शेती खात्याची दौलत ठरली.

मधल्या काळात हे बरेच विसरले गेले. पण २०१७ साली स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला क्रमांक आला आणि तो मान शहराने पुढेही अनेक वर्षे टिकवला. त्याचे मुख्य कारण साधे आहे. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा घेतला जाऊ लागला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकेल असा गॅस आणि खत तयार करणारा कारखाना सुरू झाला. एवढा कारखाना लहान गावाला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. बेटम्यासारख्या गावात कचऱ्यापासून शेत हाकेच्या अंतरावर आहे. तिथे खड्डाच पुरे.

घरी कसे करावे

हॉवर्डसाहेबांच्या संस्थेतला खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल असे. आपल्या घरच्या मापाने १० फूट लांब आणि ५ फूट रुंद खड्डा चालेल. खोली मात्र दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर तळाला हवा पोचत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठते, म्हणून त्या दिवसांत उंचवट्यावर ढीग करावा. जागा विहिरीपासून आणि हातपंपापासून लांब असावी.

पहिला थर सुक्या मालाचा द्यावा. सोयाबीनचे काड, हरभऱ्याचे भूस, बारीक केलेल्या पऱ्हाट्या, सुकी पाने असे जितके प्रकार मिसळाल तितके चांगले. त्यावर ओला थर शेणाचा, भाजीच्या देठांचा, उष्ट्या-खरकट्याचा. त्यावर गोठ्यातली मुताची माती आणि मूठ-दोन मूठ राख पसरावी. मग शेणाचे पाणी शिंपावे. असेच थर वर चढवीत जावे. पायाने दाबू नये.

ओल किती हवी? मूठभर माल हातात घेऊन पिळावा. हात ओला व्हावा, पण धार लागू नये. दोन-चार दिवसांनी पहार आत खुपसून ठेवावी आणि थोड्या वेळाने काढून पाहावी. ती गरम लागली तर काम ठीक चालले आहे. थंड लागली तर पाणी किंवा शेण कमी पडले. घाण वास आला तर पाणी जास्त झाले किंवा हवा कोंडली. तेव्हा सुके काड घालून चाळवावे.

पहिली चाळवण पंधरा दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर जावा. यात आळस करू नये. उन्हाळ्यात माशीचे अंड्यापासून माशी होण्याचे चक्र आठ-दहा दिवसांत पुरे होते. तापलेल्या ढिगाच्या आत अळी मरते, पण कडेच्या थंड भागात ती वाढते. म्हणून कडेचा माल आत घालायचा असतो. तीन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे होते.

गहू काढल्यावर माळव्यात उभी नरवाई पेटवून देण्याची सवय पडली आहे. तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो आणि खड्ड्याला लागणारा सुका माल जळून जातो. ओला कचरा शहराकडून आणि सुके काड शेताकडून असा संसार जमला, तर दोघांचेही भागते.

काय घालू नये

प्लॅस्टिक, काच, पत्रा, विजेरीचे सेल, औषधे, सुया, पट्ट्या आणि लहान मुलांचे लंगोट खड्ड्यात जाता कामा नयेत. एक काच पायात गेली तर धनुर्वाताची भीती, आणि सेलमधले विष जमिनीत उतरते. म्हणून शेतकऱ्याने शहराचा कचरा घेताना वेगळा केलेलाच घ्यावा. मिसळलेला फुकट मिळाला तरी घेऊ नये. ताजा मैला घरच्या खड्ड्यात घालण्याचे धाडसही करू नये. ते काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावे. दोन खड्ड्यांच्या संडासाची सोय असल्यास भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद ठेवावा, म्हणजे त्यातले खत निर्धोक होते.

माणसांची शिदोरी

खत झाले, पण गावाची साधने म्हणजे केवळ शेण आणि काड नव्हे. माणसे हेच मोठे साधन.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येक जणी शाळेची पायरीही चढलेल्या नव्हत्या. बाळाचे वजन कसे करावे, गरोदर बाईकडे कसे पाहावे, जुलाब लागल्यास काय पाजावे, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या आणि २०१३ नंतर शहरी वस्त्यांसाठीही तशी योजना झाली. आपल्या मोहल्ल्याची आशाताई कोण हे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नव्या कुटुंबाला ठाऊक नसते. ते सांगणे हे शेजाऱ्याचे काम.

आजारपणाचे कर्ज हेही मोठे दुखणे. इंदूरच्या पलीकडे देवास जिल्ह्यात उदयनगरला सिस्टर राणी मारिया यांनी शेतमजुरांना बचतीचे गट करायला शिकवले आणि बँकेचा रस्ता दाखवला. सावकाराचा फास त्यामुळे सैल झाला. ते ज्यांना खुपले त्यांच्यामुळे २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांचा बसप्रवासात खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. महिन्याच्या थोड्याथोडक्या बचतीत किती बळ असते, हे त्यांच्या कामाच्या शत्रूंनीच ओळखले होते.

आणि बेटम्यातच पाहा. तिथे गुरुद्वारा आहे. गुरू नानक तिथे आले आणि खारे पाणी गोड झाले, अशी परंपरा सांगतात. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जात न विचारता जेवण मिळते. कारखान्यावर नवा आलेला, ओळखपाळख नसलेला पोरगा उपाशी राहू नये, याची सोय गावाने केव्हाच करून ठेवली आहे. अशा जागा आपल्या गावातही असतात. त्यांची यादी करायला काय हरकत आहे?

एवढे करून पहा

येत्या महिन्यात चार गोष्टी करता येतील. घरात दोन डबे ठेवावेत, एक ओल्या कचऱ्याचा आणि एक सुक्याचा. शेजारच्या पाच घरांनी मिळून एक खड्डा घ्यावा आणि चाळवण्याची पाळी ठरवावी. आठवड्यातून एक दिवस टाक्या, टायर आणि कुंड्यांतले पाणी ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडाभरात तयार होतो. आणि दहा-बारा बायकांनी आजारपणासाठी बचतीची पेटी सुरू करावी.

नगर परिषदेची जबाबदारी यामुळे संपत नाही. गटार, नळाचे पाणी आणि दवाखाना ही कामे तिच्याकडून करून घेतलीच पाहिजेत. पण आपली गल्ली झाडून मग तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाचे म्हणणे निराळ्या वजनाचे असते.

जुनी माणसे म्हणत, ज्याचा उकिरडा चांगला त्याचे शेत चांगले. आज त्यात थोडी भर घालावी लागेल. ज्याचा उकिरडा चांगला, त्याच्या शेजाऱ्याची तब्येतही चांगली.