अधिकाराबाहेर घडलेली घटना

१७८१ मध्ये अमलात आलेल्या संघकराराने अमेरिकेची तेरा राज्ये एकत्र बांधली खरी. परंतु मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. करार बदलावयाचा तर तेराही राज्यांची संमती हवी. १७८७ मध्ये फिलाडेल्फियास जमलेल्या प्रतिनिधींकडे केवळ त्या कराराची दुरुस्ती सोपविलेली होती. त्यांनी बंद दाराआड नवीच राज्यघटना लिहिली. एवढेच नव्हे, तर नऊ राज्यांच्या मान्यतेने ती अमलात यावी, असेही स्वतःच ठरविले! व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने सही नाकारली. नागरिकांच्या हक्कांची सनद तीत नाही, हा त्याचा एक आक्षेप. आणि तो रास्तच होता. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या रूपाने नववे राज्य मिळाले. सनद मात्र १७९१ मध्ये, पहिल्या दहा दुरुस्त्यांतून आली. मेसनच्या स्वतःच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांना तिचा लाभ नव्हता.