कपाट जोडायला किती वेळ लागतो?

चवथ जवळ आली की घराघरांत आवराआवर सुरू होते. गेल्या वर्षी याच निमित्ताने फोंड्यातील आमच्या सदनिकेत तीन दारांचे नवे कपाट आले. आले म्हणजे चार जड खोकी आली. सोबतच्या पुस्तिकेवर दोन माणसांचे चित्र आणि त्याशेजारी दोन तासांचा आकडा होता. शनिवारी दुपारी चार वाजता भाऊ आणि मी कामाला बसलो. रात्री साडेअकरा वाजता कपाट उभे होते, खण बसले होते, दारे मात्र बाकी होती. दोघेही थकलो होतो, म्हणून भिंतीला जखडण्याचे काम ‘उद्या’वर टाकले. सकाळी चार वर्षांच्या भाचीने खालचे दोन्ही खण ओढले आणि त्यांवर पाय ठेवला. कपाट पुढे झुकले. भाऊ शेजारीच होता, म्हणून अनर्थ टळला.

वेळेचा अंदाज चुकला की रात्र होते, रात्र झाली की शेवटचे काम राहून जाते, आणि ते काम बहुधा सुरक्षिततेचे असते. जून २०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेतील सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलावली होती. भिंतीला न जखडलेली कपाटे अंगावर पडून तेथे लहान मुले दगावली होती. म्हणूनच कपाट जोडण्याच्या वेळेचा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आपला अंदाज मुळात चुकतो का? डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. काम सुरळीत पार पडेल असे चित्र मनात धरून आपण वेळ ठरवतो. पूर्वी अशाच कामांना किती वेळ लागला होता, हे मात्र विसरतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारले गेले. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवसांचे होते. सगळेच बिनसले तर किती, याचे उत्तर सुमारे ४९ दिवसांचे. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५ दिवस. म्हणजे निराशेने बांधलेला अंदाजही अपुराच ठरला.

यावर उपाय एकच. संपूर्ण कपाटाचा अंदाज बांधू नये. कामाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा लिहावा. नवख्या दोघांनी तीन दारांचे, दोन खणांचे कपाट जोडायचे आहे, असे धरू. खोली मोकळी करणे, खोकी उघडणे आणि सुटे भाग मोजणे यांसाठी ४५ मिनिटे. पुस्तिका शेवटपर्यंत वाचण्यासाठी १५ मिनिटे. लाकडी खुंट्या व कॅम लॉक बसवून सांगाडा जुळवण्यासाठी एक तास. मागची फळी ठोकण्यासाठी अर्धा तास. येथवर अडीच तास झाले. पुढे कपाट उभे करून पाणसळीने समतल करणे अर्धा तास, भिंतीला जखडणे अर्धा तास, फळ्या व दांडी २० मिनिटे, दोन खण ५० मिनिटे, तीन दारे एक तास, बिजागऱ्या जुळवणे अर्धा तास आणि आवरणे अर्धा तास. एकूण ४०० मिनिटे, म्हणजे पावणेसात तासांच्या जवळपास. त्यात चुका व विश्रांतीसाठी चौथा हिस्सा मिळवला की सव्वाआठ तास होतात. पुस्तिकेवरच्या दोन तासांत यांतील निम्मी कामे धरलेलीच नसतात.

यांतील काही मिनिटे वाचवण्याचा मोह होतो, पण ती पुढे दुपटीने भरावी लागतात. सुटे भाग न मोजता काम सुरू केले आणि एखादी फळी उलटी बसली, तर ती पुन्हा उकलावी लागते. पार्टिकल बोर्ड हा लाकडाच्या चुऱ्याचा दाबून केलेला पत्रा असतो. त्यातून एकदा काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा तितका घट्ट बसत नाही. मागची फळी ठोकण्यापूर्वी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तरच सांगाडा काटकोनात आहे, असे समजावे. येथे पाच मिनिटे न दिल्यास शेवटी दारे जुळवताना तास जातो.

उंचीचाही हिशेब आधीच करावा. आडवे जोडलेले कपाट उभे करताना त्याचा कर्ण छताखालून फिरतो. कपाट २३६ सेंटिमीटर उंच आणि ५८ सेंटिमीटर खोल असेल, तर हा कर्ण २४३ सेंटिमीटर भरतो. छत पुरेसे उंच असले तरी वाटेत पंखा, तुळई किंवा माळा आला, तर काम तेथेच अडते.

गोव्यातील घरांत आणखी दोन गोष्टींना वेळ द्यावा लागतो. पहिली भिंत. चिऱ्यांच्या भिंतीवर गिलाव्याचा जाड थर असतो. आखूड रावळ प्लग त्या थरातच अडकून राहिला, तर भार पडताच गिलाव्यासकट निघतो. तो चिऱ्यात खोलवर जायला हवा. ड्रिल करण्यापूर्वी विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत, हेही पाहावे. दुसरी गोष्ट ओल. पावसाळ्यात पाझरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावल्यास पार्टिकल बोर्ड फुगतो. आतली भिंत निवडावी. त्यासाठी पलंग हलवावा लागला तर तो वेळही हिशेबात धरावा.

काम चालू असताना अंदाज सुधारता येतो. मागची फळी बसली की घड्याळ पाहावे. अडीच तासांच्या कामाला पावणेचार तास लागले असतील, तर आपली गती अंदाजाच्या दीडपट संथ आहे. उरलेली २५० मिनिटेही मग ३७५, म्हणजे सव्वासहा तास होणार. अशा वेळी ‘आता थोडेच राहिले’ या आशेवर पुढे रेटण्यापेक्षा थांबणे शहाणपणाचे.

मात्र कुठे थांबायचे, हे आधी ठरवलेले असावे. मागची फळी ठोकलेला सांगाडा जमिनीवर आडवा असताना खुशाल थांबावे. भिंतीला जखडल्यानंतरही थांबावे. कपाट उभे करणे आणि ते जखडणे या दोन कामांच्या मध्ये कधीही थांबू नये. ही दोन कामे मिळून एकच धरावीत आणि त्यांच्यासाठी सलग तासभर हाताशी नसेल, तर कपाट उभेच करू नये. खण आणि दारे त्यानंतर, वाटल्यास दुसऱ्या दिवशी.

तात्पर्य, चवथीपूर्वी कपाट जोडायचे असेल तर आदली संध्याकाळ नव्हे, आदल्या आठवड्यातील एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. सकाळी नऊला सुरुवात केली, तर जेवणाचा तास धरून साडेसहाच्या सुमारास काम संपेल. लवकर संपले तर उत्तमच. उशीर झालाच, तर राहावीत ती दारे. भिंतीचे स्क्रू नव्हेत.