काळ्या तंबूतील न उमटलेला लाल रंग

जेरुसलेममध्ये 1881 साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलनी या ख्रिस्ती वसाहतीने 1898 च्या सुमारास छायाचित्रण विभाग सुरू केला आणि पुढील काही दशकांत त्याने बेदुइनांच्या, म्हणजे उंट व शेळ्यामेंढ्या घेऊन ऋतुमानाप्रमाणे फिरणाऱ्या अरब टोळ्यांच्या, तळांची अनेक कृष्णधवल छायाचित्रे टिपली. अशा छायाचित्रात प्रथम नजरेत भरतो तो उजाड माळावरचा बुटका, ऐसपैस काळा तंबू.

शेळीच्या केसांचे सूत कातून, जमिनीवर आडव्या पसरलेल्या मागावर स्त्रिया लांबच लांब पट्ट्या विणत आणि त्या एकमेकींना शिवून तंबूचे छत तयार होई. कोरड्या दिवसांत या विणीतून हवा खेळे आणि चुलीचा धूर बाहेर पडे. पाऊस लागला की धागे फुगून वीण घट्ट होई आणि पाणी वरच्या वर ओघळून जाई. तंबू उभारणे, उतरवणे, विरलेली पट्टी बदलणे हेही मुख्यतः स्त्रियांचेच काम होते, जरी छायाचित्रात पुढे बसलेले दिसतात ते बहुधा कॉफीच्या भांड्यांभोवतीचे पुरुष.

पुरुषांची बैठक आणि स्त्रियांचा भाग यांच्यामध्ये लोकरीचा आडपडदा असे. त्याची नक्षीदार बाजू बरेचदा पाहुण्यांकडे येई आणि तिच्यात लाल रंगाला मोठे स्थान असे. त्या काळी छायाचित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण काचेच्या प्लेटांवरील रसायनाचा लेप मात्र निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई आणि लाल प्रकाशाला जवळजवळ देतच नसे, त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे उमटे, तर लाल पडदा काळपट होऊन आतल्या सावलीत मिसळून जाई. या तळांवर जाणवणारी रुक्षता म्हणूनच काही अंशी रसायनाची करणी आहे, आणि तिच्यामुळे नेमकी स्त्रियांची कला झाकली गेली ही हळहळ लावणारी गोष्ट आहे.

जेरुसलेमला येणाऱ्या यात्रेकरूंना ही छायाचित्रे विकताना बेदुइनांचे जीवन बायबलमधील अब्राहमाच्या काळापासून जणू बदललेच नाही असे भासवले जाई. प्रत्यक्षात याच टोळ्यांवर प्रशासकीय पकड बसवण्यासाठी ऑटोमन सरकारने 1900 साली नेगेव्हच्या वाळवंटात बीरशेबा हे नगर वसवले होते, आणि दमास्कसहून निघालेली हिजाझ रेल्वे बेदुइनांच्या मुलखातून 1908 साली मदिनेला पोहोचली, तेव्हा हजच्या यात्रेकरूंना उंट पुरवून व वाटेत संरक्षण देऊन होणारी बेदुइनांची पिढीजात कमाई धोक्यात आली होती.