पंखा फिरतो, पण पडदा काळा



मिरची तोडणीच्या दिवसांत आमच्या भिवापुरातल्या एका बचत गटाच्या सचिवताईंचा सकाळीच फोन आला. "ताई, काँप्युटर सुरू आहे, पंखा फिरून राहिला, पण पडदा काळाच आहे जी." दुसऱ्या दिवशी बँकेत कर्जाची फाईल द्यायची होती आणि गटाचा तीन वर्षांचा हिशेब त्यातच होता. संगणक त्यांच्या मुलीने सुटे भाग आणून घरीच जोडलेला. ज्याला दाखवला तो म्हणाला, "हार्डडिस्क गेली, फॉरमॅट करावं लागेल." ताई रडकुंडीला आल्या.

मी म्हटलं, थांबा. फॉरमॅट करू नका. त्यात सगळा हिशेब पुसला जातो.

पंखा फिरतो याचा अर्थ एवढाच, की वीज आत पोचली. आणि हार्डडिस्क बिघडली असती, तरी सुरुवातीला पडद्यावर कंपनीचं नाव किंवा दोन इंग्रजी ओळी बहुतेक वेळा दिसतात. काहीच दिसत नाही, तेव्हा दोष सहसा दुसरीकडे असतो. तो बाहेरून आत असा शोधायचा.

आधी बाहेरचं पाहा. मॉनिटरचा दिवा लागतो का? त्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का? मॉनिटरच्या बटणाने योग्य इनपुट निवडलं आहे का? संगणकात वेगळं ग्राफिक कार्ड असेल, तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच लावा. दुसरी वायर किंवा शेजारचा मॉनिटर लावून बघा. मग कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आतून सुरू आहे आणि दोष बहुधा मॉनिटर, वायर किंवा कार्डात आहे.

एवढ्याने जमलं नाही, तर आत पाहायचं. प्लग काढा. मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. हात कोरडे ठेवा आणि आधी डब्याच्या लोखंडाला लावा, कारण अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारते. आता रॅमची पट्टी काढा. तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा, भुकटी झटका आणि खाच जुळवून 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून तपासा. संगणक नवाच जोडलेला असेल, तर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ टोकांची वीजवायर बघा. ती राहून गेली की पंखा फिरतो, पडदा मात्र उजळत नाही. शेवटी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून परत लावा. त्याने जुन्या सेटिंग पुसल्या जातात, हिशेब नाही. तारीख-वेळ तेवढी पुन्हा लावावी लागते.

एक पक्कं लक्षात ठेवा: वीज येते तो लोखंडी डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात झटका बसेल इतकी वीज साठलेली असते.

सचिवताईंच्या मुलीने मी फोनवर सांगितलं तसं एकेक केलं. आदल्या आठवड्यात संगणक ऑटोतून दुसऱ्या घरी नेला होता, त्या धक्क्यांनी रॅम सैल झाली होती. पट्टी पुसून बसवली आणि पडदा उजळला. हिशेब जसाच्या तसा होता. फाईल वेळेवर बँकेत गेली.

एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर दुरुस्तीला जरूर द्या. पण देताना सांगा, "आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही." आधी हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावायला आणि हिशेब उतरवून घ्यायला सांगा.

आणि येत्या बैठकीत एक काम नक्की करा. हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि तो अध्यक्षताईंच्या घरी ठेवा. दर महिन्याला वसुली झाली, की नक्कल नवी करा.