न दिसणारा धूर

मंडळी, मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, "सर, नव्या ट्रकमधून काळा धूर येत नाही. मग प्रदूषण संपलंच की!" प्रश्न चांगला आहे. दिसणं आणि असणं, यांतला हा जुनाच घोळ.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ निकष लागू झाले. या ट्रकांत काजळी फिल्टरमध्ये अडते. चालक ज्याला नुसतं 'युरिया' म्हणतात, ते द्रावण नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचं साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतं. फुप्फुसांच्या दृष्टीनं हे मोठं काम झालं.

पण कार्बन डायऑक्साइडला रंग नाही. १ लिटर डिझेल जळलं की तो अडीच किलोहून जास्त तयार होतो. डिझेलच्या वजनापेक्षा जास्त कसा? कारण हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो. हा वायू त्या फिल्टरमध्ये अडत नाही. तो कमी करायचा तर डिझेलच कमी जाळायला हवं.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलात की जवळजवळ पावणेदोन पट! म्हणून केबिनवर वारा वळवणारं आवरण, सहज फिरणारे टायर, वेगमर्यादक. शिवाय परतीचा माल जुळवून देणारी मोबाइल अ‍ॅप; रिकामा ट्रकही डिझेल पितोच ना?

आता, वेगमर्यादक बसवायचा आणि चालकाला मात्र "सकाळच्या आत पोच" म्हणून फोन करायचा, हे कसं जमेल? उद्याऐवजी परवा आलेलं पार्सल आपल्याला चालेल का, हे आधी ठरवू या.